आठवत नाही, असं मार्नी म्हणाली

मार्नी बेल्शरच्या फ्रीजरमध्ये पेरोगीचे डबे इतके साठले होते की आइस्क्रीम ठेवायलाही जागा उरली नव्हती. बटाटा-चीजचं सारण भरलेल्या, उकडून ठेवलेल्या त्या करंज्या लेस्या पेट्रिशिन स्वतःच्या हाताने लाटून आणून द्यायची. दर भेटीला एक डबा. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनने लिहिलेलं, 'मार्नीसाठी'. मार्नीचा नवरा ग्लेन एकदा म्हणालाही, "अगं, काढ की चार, कांदा परतून खाऊ. एवढ्या मायेनं देते ती बाई." मार्नी म्हणाली, "मला पित्त झालंय." ते पित्त सगळा हिवाळा चाललं होतं.

पित्त कसलं डोंबलाचं! ती पेरोगी घशाखाली उतरणार नाही, हे मार्नीला पक्कं माहीत होतं. आणि टाकून द्यायची म्हटलं तर हात धजत नव्हता. म्हणून डबे नुसते गोठत पडले होते.

ऑस्टविक हे खतासाठीच्या पोटॅशच्या खाणीवर जगणारं गाव, आणि मार्नी तिथली विम्याची बाई. नुसत्या पॉलिसी विकणारी नव्हे हं. कुणी नवीन बोट घ्यायला निघाला की त्याला रस्त्यात अडवून "आधी कार्डाची उधारी फेड, मग बोटीत बस" असं सुनावणारी. कुणाचं दुसरं लग्न झालं की आहेराबरोबरच "पॉलिसीवरचं पहिलीचं नाव काढलंस का रे बाबा?" असं विचारणारी. लोक हसायचे, पण ऐकायचे. मार्नी म्हणाली म्हणजे झालं, असं गावात होतं. आता त्या 'झालं'नेच तिची झोप उडवली होती.

लेस्याचा नवरा ओरेस्ट खाणीत यंत्रं दुरुस्त करायचा. जमिनीखाली काडी ओढायला बंदी, त्यामुळे खाणीतले झाडून सगळे ओली तंबाखू ओठाखाली धरायचे. डबी पँटच्या मागच्या खिशात. तिथे घासून घासून कापडावर पांढरट गोल उमटायचा. ऑस्टविकमध्ये असा गोल नसलेला पुरुष म्हणजे एक तर पाद्री, नाहीतर नुकताच लग्न ठरलेला. आणि गंमत बघा, त्या डबीला तंबाखू म्हणून कुणी मोजायचंच नाही. तंबाखू म्हणजे सिगारेट. डबी म्हणजे आपली डबी.

ओरेस्टची जुनी पॉलिसी होती. मुदत संपत आली होती आणि पुढचा हप्ता डोळे पांढरे करणारा होता. मार्नीने सुचवलं की ही सोड, दुसऱ्या कंपनीची स्वस्त घेऊन देते, रक्त नको, लघवी नको, नुसते प्रश्न. सल्ला तसा वाईट नव्हता. पण जुनी पॉलिसी मुरलेली असते, तिला सहसा कुणी हात लावत नाही. नवी पॉलिसी पहिली दोन वर्षं कच्ची असते. तेवढ्यात माणूस गेला तर कंपनी अर्जातली ओळ न् ओळ उकरून बघते. हे मार्नीला झोपेतही पाठ होतं. तिने ते ओरेस्टला सांगितलंसुद्धा. आणि पुढच्याच क्षणी स्वतःच विसरल्यासारखी वागली.

अर्ज भरला तो ओरेस्टच्या स्वयंपाकघरात. लेस्या घरी नव्हती, चर्चच्या हॉलमध्ये बायकांबरोबर पेरोगी लाटायला गेली होती. तंबाखूचा प्रश्न आला तसा ओरेस्टने मागच्या खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. "हीपण लिही."

मार्नी हसली. "अरे, ही तर तुम्हा खाणवाल्यांची चटणी! सिगारेट ओढतोस का?"

"नाही."

"मग झालं. 'हो' लिहिलं तर हप्ता दुप्पट होईल, वेड्या."

त्यावर ओरेस्ट आणखी एक वाक्य बोलला होता. ते वाक्य मार्नी मनातल्या मनातही पुन्हा उच्चारत नसे. तिने 'नाही'वर खूण केली, ओरेस्टने तिच्यावर भरवसा ठेवून सही केली आणि दोघांनी कॉफी प्यायली. त्याचं भलंच करतोय असं तिला तेव्हा खरोखर वाटत होतं.

पुढच्या हिवाळ्यात दारातलं बर्फ ओढता ओढता ओरेस्ट कोसळला तो उठलाच नाही. हृदय. कंपनीने डॉक्टरांचे कागद मागवले. डॉक्टरांनी सरळ लिहिलेलं होतं, ओली तंबाखू, तरुणपणापासून. मग कंपनीच्या तपासनीस बाईचा मार्नीला फोन आला. आवाज मऊ, प्रश्न एकच. "अर्ज भरताना त्यांनी तंबाखूचा उल्लेख केला होता का?"

मार्नीच्या डोळ्यांपुढे ते अख्खं स्वयंपाकघर उभं राहिलं. टेबलावरचा फुलाफुलांचा कपडा, डबीचं झाकण, ओरेस्टची काळी पडलेली नखं. "हो" म्हटलं असतं तर चूक तिच्या पदरात पडली असती आणि परवाना गेला असता. गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

"आठवत नाही," मार्नी म्हणाली.

आठवत नाही म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं तिने स्वतःला समजावलं. समजावलं कसलं, स्वतःला गप्प बसवलं. तिकडे कंपनीने लेस्याला कळवलं की तुमच्या यजमानांनी अर्जात खोटी माहिती दिली, पॉलिसी रद्द, भरलेले हप्ते परत. विषय संपला.

लेस्याचा मात्र तिथून सुरू झाला. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नोकरी करणारी बाई ती. घराचं कर्ज अजून उरलेलं. तिला आधार कुणाचा? मार्नीचा! विधवेचं निवृत्तिवेतन कसं मागायचं, खाणीकडून काय मिळतं, गाडी विकू की छप्पर दुरुस्त करू, सगळं मार्नी बघायची. पैसे घ्यायची नाही. एवढं मन लावून तिने आयुष्यात कुणाचं काम केलं नव्हतं. आणि लेस्या तिचे हात धरून म्हणायची, "तू नसतीस तर मी काय केलं असतं गं!" वर पेरोगीचा डबा द्यायची. मार्नी तो घेऊन घरी यायची आणि गाडीतच बसून राहायची.

मार्चमध्ये मार्नीला सॅस्कटून शहरात जावं लागलं. परवाना टिकवायचा तर दरवर्षी ठरावीक तास शिकावं लागतं. एरवी ती हे शिकणं घरी कंप्युटरवर उरकायची. आवाज बंद, हातात बटाटे सोलायचा चाकू, आणि अधूनमधून 'पुढे'वर बोट. या वर्षी नीतिमत्तेचे तास राहून गेले होते, म्हणून हॉटेलच्या हॉलमध्ये येऊन बसणं भाग पडलं. नीतिमत्तेचेच नेमके कसे राहिले, हे काय सांगायला हवं?

शिकवायला फेअरली नावाचे गृहस्थ होते. बोलघेवडे, टाय सैल. त्यांनी पडद्यावर उदाहरण टाकलं. "समजा, ग्राहक म्हणतो, मी सिगारेट ओढत नाही, नुसती तंबाखू चघळतो. तुम्ही काय लिहाल?"

मार्नीच्या शेजारी कर्बी नावाचा थट्टेखोर सल्लागार बसला होता. तो ओरडला, "मी लिहीन, दात पिवळे, मन साफ!"

हॉल खो खो हसला. मार्नीही हसली. हसताना तिला आपलाच राग आला.

"बाई, तुम्ही सांगा," फेअरली नेमके तिच्याकडेच वळले. "तुम्ही जुन्याजाणत्या दिसता."

"तंबाखू म्हणजे तंबाखू," मार्नी म्हणाली. "'हो' लिहायचं."

"शाब्बास! आणि नाही लिहिलं तर फटका कुणाला?"

"बायकोला."

फेअरलींनी मान तिरकी केली. "मी 'कंपनीला' आणि 'तुमच्या परवान्याला' या उत्तरांची वाट बघत होतो. पण तुमचंही बरोबरच आहे म्हणा."

दुपारी, अंड्याचं सँडविच खाऊन सगळे पेंगुळलेले असताना, फेअरलींनी दुसरा धडा दिला. सल्लागाराचाही विमा असतो, त्याच्या हातून झालेल्या चुकांचा. "हे कानात तेल घालून ऐका," ते म्हणाले. "चूक झाली असं वाटलं तर आधी आपल्या विमा कंपनीला फोन. ग्राहकाकडे जाऊन कबुली द्यायची नाही. माफी मागायची नाही. 'सॉरी' हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. काढलात, तर तुमची कंपनी हात वर करू शकते. मग घरदार विकून भरा!"

"बायकोलासुद्धा सॉरी म्हणायचं नाही का?" कर्बीने विचारलं. पुन्हा हशा.

मार्नी हसली नाही. शेवटी प्रश्नपत्रिका झाली आणि तिला पैकीच्या पैकी मिळाले. फेअरलींनी स्वतः येऊन हात मिळवला. "तुमच्यासारखी माणसं या धंद्यात हवीत," ते म्हणाले. मार्नीला वाटलं, जमिनीने आत्ताच्या आत्ता पोटात घ्यावं.

परतीच्या रस्त्यावर तिने मनाशी ठरवलं. उद्या आपल्या विमा कंपनीला फोन करायचा. वकील लावतील, ते काय ते बोलतील. पैसे मिळतील लेस्याला, आज ना उद्या. सगळं रीतसर आणि गुपचूप. कुणाला कळायची गरज नाही. गाव दिसू लागेपर्यंत हा बेत तिला बरा वाटत होता.

घरी आली तर लेस्याचा निरोप. 'सकाळी येशील का गं? एक गोष्ट विचारायची आहे. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?'

सकाळी मार्नी गेली. तेच स्वयंपाकघर, तोच फुलाफुलांचा कपडा. भिंतीवर ओरेस्टचा कर्लिंग क्लबातला फोटो असायचा, बर्फावर वाकून खेळातला गुळगुळीत दगड सरकवतानाचा. त्या जागी आता नुसता खिळा होता. लेस्याने कॉफी ओतली आणि समोर दगडांची चित्रं असलेला कागद सरकवला.

"कबरीवरचा दगड घ्यायचाय," ती म्हणाली. "ईस्टरनंतर फादर येतात ना, सगळ्या कबरींवर पवित्र पाणी शिंपडायला. तोवर लावावा लागेल. नाहीतर लोक म्हणतील, एवढंसुद्धा केलं नाही हिनं."

"तू जाशील ना त्या दिवशी?"

"मी? दगड लावीन. जाणार नाही." लेस्या बशी उगाच फिरवत राहिली. "तो दगडवाला विचारतो, एक नाव की दोन? आमच्यात दोन घालतात. माझंही नाव आत्ताच कोरून ठेवायचं, पुढे तारखेची जागा मोकळी. जोडीचा स्वस्तच पडतो, पुन्हा पुन्हा खर्च नाही. पण मी म्हटलं, एकच. त्याचं. तू हिशेबाची बाई, तू सांग. स्वस्त सोडून महाग घेतेय, वेडेपणा करतेय का मी?"

मार्नी कागदावरचे दगड बघत राहिली.

"बोल की!"

"लेस्या, एवढी वर्षं संसार केलात तुम्ही..."

"केला ना! म्हणूनच!" लेस्याचा आवाज चढला. "अगं, हा माणूस पत्त्यात कधी खोटं खेळला नाही. दुकानदाराने चुकून जास्त सुट्टे दिले तर थंडीत परत द्यायला जाणारा. आणि मेला तो असा? चार पैशांचा हप्ता वाचवायला कागदावर खोटं लिहून मेला? मला वाऱ्यावर सोडून? आता घर जाणार माझं. मी त्याच्याशी भांडूही शकत नाही, मार्नी. रात्री त्याच्या उशीवर बुक्क्या मारते मी. वेडी झाले आहे. आणि त्याच्या शेजारी कायमची जाऊन झोपू? नाही! खोटारड्याच्या शेजारी नाही!"

ती रडत नव्हती. रडली असती तर मार्नीला बरं वाटलं असतं, पाठीवरून हात फिरवता आला असता. लेस्याने डोळे मार्नीवर रोखले होते आणि त्या डोळ्यांत अजूनही विश्वासच होता. मार्नीला तो सोसवेना. रीतसर आणि गुपचूप झालं असतं तर पैसे आले असते, हो. पण ते कशामुळे आले हे या बाईला कधी कळलं असतं का? वकिलांनी काहीतरी तडजोड केली, एवढंच. ओरेस्ट मात्र दगडाखाली एकटा पडून राहिला असता, खोटारडा म्हणून. तेही मार्नीच्या वाटणीचं खोटं अंगावर घेऊन.

"तो खोटं बोलला नाही," मार्नी म्हणाली.

"काय?"

"ओरेस्ट खोटं बोलला नाही, लेस्या. त्यानं डबी काढून इथे ठेवली होती. इथेच, या टेबलावर. म्हणाला, हीपण लिही. मी लिहिलं नाही. 'नाही'वर खूण मी केली. हप्ता कमी बसेल म्हणून. आणि नंतर कंपनीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, आठवत नाही. मला सगळं आठवत होतं. मला माफ कर. सॉरी, लेस्या."

फेअरलींनी जो शब्द तोंडातून काढू नका म्हणून बजावलं होतं तोच निघाला. आता काय व्हायचं ते होवो.

लेस्याने बशी बाजूला सरकवली. मग लेस्याने अगदी हळू विचारलं, "काय म्हणाला तो? नेमकं सांग."

"सांगितलं ना, हीपण लिही..."

"आणि तू लिहिणार नाहीस म्हटल्यावर? गप्प बसला? ओरेस्ट गप्प बसणारा नव्हता."

ते वाक्य आलंच. "म्हणाला, 'लिही गं. मागाहून लेस्याला त्रास नको.'"

"आणि तू?"

"मी म्हटलं, काही त्रास होत नाही. मी आहे ना."

लेस्याने डोळे मिटले. "पुन्हा सांग. तुझं नको. त्याचं."

"'लिही गं. मागाहून लेस्याला त्रास नको.'"

लेस्या तोंडावर हात धरून उठली, ओट्यापाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मार्नी खुर्चीतून अर्धवट उठली तशी ती न वळताच म्हणाली, "जवळ येऊ नकोस माझ्या." मार्नी पुन्हा बसली.

शेवटी लेस्याने पदरासारखं एप्रन उचलून तोंड पुसलं. खणातून तिने फोटो काढला, खिळ्यावर लावला. वाकडा लागला तो सरळ केला. मग भिंतीवरच्या फोनपाशी जाऊन आकडे फिरवले. मार्नीला वाटलं कंपनीलाच लावतेय. पण लेस्या म्हणाली, "हॅलो, मी ओरेस्ट पेट्रिशिनची बायको. दगड सांगितला होता ना, एकाच नावाचा? तो नको. दोन नावांचा करा. हो, दोन. माझं त्याच्याशेजारी." पलीकडचा काहीतरी विचारत होता. "नाही हो, चूक झाली होती. माझी नाही. पण झाली होती."

फोन ठेवला नाही तिने. रिसीव्हर मार्नीपुढे धरला. "आता तू लाव. त्या तपासनीस बाईला. माझ्यासमोर."

कंपनीच्या पत्रावरचा नंबर बघून मार्नीने लावला. दोनदा चुकला. तीच मऊ आवाजाची बाई आली. मार्नीने आपलं नाव सांगितलं, ओरेस्टचं सांगितलं आणि म्हणाली, "तुम्ही मागे विचारलं होतं. मला आठवतंय. तेव्हाही आठवत होतं." मग सगळं सांगितलं, डबीपासून. पलीकडून टाइप केल्याचा आवाज येत होता. शेवटी त्या बाईने विचारलं, "हे लेखी द्याल का? याचे तुमच्यावर काय परिणाम होतील याची कल्पना आहे ना?"

"आहे," मार्नी म्हणाली. "कालच शिकून आले."

फोन ठेवून ती कोट घालू लागली. पैसे मिळतील की नाही, कधी, किती, हे तिलाही सांगता येत नव्हतं. परवाना मात्र गेल्यातच जमा होता. ग्लेनला काय सांगायचं, गावाला काय सांगायचं, डोक्यात नुसता कालवा झाला होता. तरी दारापाशी पोचल्यावर तिला एक वेडी आशा वाटली. लेस्या काहीतरी म्हणेल. निदान एखादी शिवी तरी देईल.

"मार्नी."

मार्नी वळली.

लेस्या टेबलावरचा फुलाफुलांचा कपडा हाताने साफ करत होती, ओरेस्टने डबी ठेवली होती तिथेच. "माझे पेरोगीचे डबे आहेत तुझ्याकडे. खाल्लेस का गं?"

"नाही. एकसुद्धा नाही."

"मग भरलेलेच परत आणून दे," लेस्या म्हणाली. "ते मी आभार म्हणून दिले होते."